पाणी ६०३ ला आलं की टेकडीचं बेट होतं

माझी आई राहते नाशिकला, सिडकोत, पण पावसाळ्यात तिचं सगळं लक्ष मुंबईच्या पाण्याकडे असतं. जून संपत आला की रोज संध्याकाळी ती नातीला हाक मारते, "बघ गं, अप्पर वैतरणा किती झालं?" माझी मुलगी मोबाइलवर मुंबईच्या तलावांचा तक्ता काढते आणि सातांपैकी तेवढी एकच ओळ वाचून दाखवते. आईला टक्के सांगितलेले चालत नाहीत, मीटरचा आकडा लागतो. पाचशे अठ्ठ्याण्णव. सहाशे. सहाशे एक आणि वर काही. धरण पूर्ण भरलं की हा आकडा ६०३.५१ असतो. तिथपर्यंत आलं की आई मांडीवर हात मारते आणि म्हणते, "तुटली."

तुटते ती टेकडी. आईच्या माहेरची, इगतपुरी तालुक्यातली. एरवी ती बाकीच्या माळाला एका अरुंद खिंडीने जोडलेली असते. पाणी ६०२ च्या वर सरकलं की खिंड बुडायला लागते आणि ६०३ ला तिच्यावरून होडी जाते. मग पुढचे काही महिने ती टेकडी बेट असते. माघात पाणी उतरलं की खिंड पुन्हा उघडी पडते, आधी चिखल, मग भेगाळलेली माती. गावातली माणसं त्या ओल्या मातीत हरभरा-मसूर टाकतात, त्याला गाळपेर म्हणतात.

अप्पर वैतरणा धरण १९७३ मध्ये पूर्ण झालं. आई तेव्हा सतरा वर्षांची होती. घर, भाताची खाचरं, विहीर, शाळेची खोली, मारुतीचा पार, सगळं पाण्यात गेलं. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, म्हणजे आमचं शिवार बुडाल्यानंतर. आजोबांना जे पैसे मिळाले त्यात वरच्या माळावर घर उभं राहिलं आणि एक बैलजोडी आली. पाण्याच्या रेषेच्या वर राहिली फक्त ही पंचवीस गुंठ्यांची टेकडी. बुडणार नव्हती म्हणून ती संपादनात गेली नाही, आमच्याच नावावर राहिली. सातबाऱ्यावर आज मामांच्या नावाखाली आईचं नाव आहे. आमच्याकडे बहिणी भावाला हक्कसोड लिहून देतात, तशी आईही द्यायला तयार होती, कागद घेऊन तहसीलला निघालीसुद्धा होती. मामांनीच अडवलं. म्हणाले, "आक्का, बुडालं तवा सगळ्यांचं बुडालं. ऱ्हायलं त्ये माझ्या एकट्याचं कसं?"

एवढं सगळं आधी सांगितलं, कारण नोव्हेंबरात मी आणि आई त्या बेटावर एक रात्र राहून आलो. फक्त आम्ही दोघं.

जायचं निमित्त मुलीने काढलं. मोबाइलवर कुठल्या तरी समुद्रातल्या खासगी बेटावरच्या एका रात्रीची जाहिरात आली होती, लाकडी घर, निळं पाणी, आसपास कुणी नाही. किंमत वाचून मी मोबाइल खाली ठेवला. मुलगी म्हणाली, "पण बाबा, आजीचंही आहे की खासगी बेट." हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी त्या टेकडीवर लहानपणी उन्हाळ्यात चालत गेलोय, करवंदं खाल्लीयत. पण ती बेट असताना तिथे कधी पाय ठेवला नव्हता आणि रात्र तर कुणीच काढली नव्हती. निदान धरण झाल्यापासून.

आणि मला शांतता हवी होती. याबद्दल जरा लिहितो, कारण हे सगळं त्याच्याशीच बांधलेलं आहे.

मी अंबडला एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये काम करतो. चोवीस वर्षं झाली. पत्र्यातून भाग कापणं, वाकवणं, भोकं पाडणं, हे काम. शंभर-दीडशे टनांची प्रेस खाली येते तेव्हा आवाज नुसता कानाला लागत नाही, तो बुटातून पायात शिरतो. नियमाप्रमाणे नव्वद डेसिबलच्या आवाजात आठ तास, पंच्याण्णवला चार तास, शंभरला दोनच तास. हे फलकावर लिहिलेलं असतं आणि कानात घालायचे प्लगही मिळतात. पण सुरुवातीची आठ-नऊ वर्षं माझे प्लग खिशातच असायचे. त्याला कारण होतं. प्रेसवरचा माणूस डोळ्यांइतकाच कानांनी काम करतो. पट्टी नीट सरकली नाही, पंचाची धार गेली, डायमध्ये तुकडा अडकला, हे दिसायच्या आधी ऐकू येतं. स्ट्रोकचा आवाज जरासा बसका झाला की हात आपोआप बटणावर जातो. कान बंद करून काम करायचं म्हणजे मला अंधारात हात घालण्यासारखं वाटायचं. नंतर नियमाने घालायला लागलो, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे तपासणी केली. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. कागदावर जो आलेख आला तो डावीकडून बरा चालला होता आणि ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरला होता. डॉक्टर म्हणाले, मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांचा आलेख असाच दिसतो, पहिला घाव तिथेच बसतो. त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं की माणूस बोलताना अ, आ, ओ हे भरदार आवाज मला येणार, पण स, श, फ, त यांची बारीक धार निसटणार. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळेल, काय बोलतंय ते कळणार नाही. आजूबाजूला गोंगाट असेल तर जास्तच.

झालंही तसंच. आमच्या घरात पंखा, मिक्सर, टीव्ही, खाली रिक्षांचा थांबा. त्यात सध्या कुंभमेळ्याच्या कामांसाठी शहरभर खोदकाम चालू आहे. आईचा आवाज मुळातच बारीक, वयाने आणखी बारीक झालेला. ती काही बोलली की मी "काय?" म्हणतो. ती पुन्हा बोलते, मी पुन्हा "काय?" म्हणतो. तिसऱ्या वेळी ती ओरडते आणि ओरडून सांगण्यासारखं ते नसतंच, म्हणून मध्येच हात हलवून म्हणते, "जाऊ दे." गेल्या चार-पाच वर्षांत माझ्या आईने मला सांगितलेल्या कितीतरी गोष्टींचा शेवट "जाऊ दे" असा झालाय. त्याचं मला फार वाईट वाटतं.

शिवाय कानात शिट्टी आहे. बारीक, एकसुरी, कधीच न थांबणारी. आमच्यातल्या एकाने इगतपुरीला विपश्यनेला जा म्हणून सुचवलं. धम्मगिरीला तो स्वतः जाऊन आला होता, दहा दिवस मौन पाळून. माझी रजा तेवढी नव्हती. एका रात्रीची होती.

शिफ्टची सुट्टी बघून आम्ही दुपारी निघालो. बायको येणार होती, पण मुलीची बारावीची परीक्षा समोर होती, म्हणून त्या दोघी थांबल्या. पाथर्डी फाटा, विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे, मुंढेगाव, घोटी. घोटीत आईने मुरमुरे घेतले. घोटीहून त्र्यंबककडे जाणारा रस्ता धरला की दहाएक मिनिटांतच हवा बदलते. भात कापून झाला होता, खाचरांत धसकटं आणि बांधावर पेंढ्यांच्या उडव्या. कुठे कुठे खुरासणीची पिवळी फुलं अजून शिल्लक होती.

वैतरणा आणि गोदावरी दोघी त्र्यंबकच्याच डोंगरांत उगम पावतात. गोदावरी पूर्वेला वळते ती १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा पश्चिमेला उतरते आणि अरबी समुद्र गाठते, पण त्याआधी धरणांत अडते आणि मुंबईच्या नळांत जाते. एकट्या अप्पर वैतरणात मुंबईसाठी २ लाख २७ हजार ४७ दशलक्ष लिटर पाणी साठतं. सात तलावांत भातसानंतर सगळ्यात मोठा वाटा याचाच. आई याचा हिशेब वेगळा लावते. म्हणते, "माझं सासर गोदावरीवर नि म्हायेर वैतरणेवर. दोघी शेजारणी, पण जन्मात भेटायच्या न्हाईत."

मामा काठावर वाट बघत उभे होते. गावाचं नाव लिहीत नाही, मामांनीच नको म्हणून सांगितलंय. शनिवार-रविवारी मोठे स्पीकर घेऊन लोक पाण्याकाठी येतात आणि बाटल्या टाकून जातात, त्याचा त्यांना खूप त्रास होतो. त्यांची होडी फायबरची, दोन वल्ह्यांची. मी एका गिर्यारोहक मित्राकडून लाइफ जॅकेटं आणली होती. आईने आधी नको म्हटलं, मग मामांनी स्वतः घातलं तेव्हा तिने पाचवारीवर ते नारिंगी जॅकेट चढवलं आणि बंद मला लावायला सांगितले.

पाणी ओलांडायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत आई एकदाही समोर बघत नव्हती, खाली बघत होती. "ही विहीर." थोड्या वेळाने, "इथनं खाचरं सुरू." मामा वल्ही थांबवून म्हणाले, "आक्का, पारावर आलो." आईने हात जोडले. मामा म्हणाले, आत्ता पारावर दोन पुरुष पाणी आहे, पाऊस कमी झालेल्या वर्षी मे महिन्यात आपल्या घराचं जोतं उघडं पडतं. मी पाण्यात वाकून बघितलं. हिरवट पाणी आणि त्यात उतरणारी उन्हाची काठी, बाकी काही दिसलं नाही. आईला सगळं दिसत होतं.

टेकडीवर एक मोठा आंबा आहे, एक मोह आहे, करवंदीच्या जाळ्या आहेत आणि उतारावर मामांनी केलेली नागली. ती कापून, बडवून झाली होती. अर्धं पोतं दाणे आंब्याखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेले होते. उत्तरेला हरिहर आणि भास्करगड, त्यांच्या उजवीकडे ब्रह्मगिरी. मामांनी आमचं सामान वर आणून दिलं, दोन चिलापी मासे दिले, सकाळी आठला येतो म्हणाले आणि गेले. त्यांच्या वल्ह्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग तोही थांबला.

तंबूसाठी सपाट जागा हवी होती. टेकडीच्या माथ्यावर एकच सपाट जागा होती, गवत वाढलेला गोल. मी तंबू खाली ठेवला तर आई म्हणाली, "थांब, चपला काढ." तिने स्वतः आधीच काढल्या होत्या. विळ्याने ती मधलं गवत कापायला लागली, मग हातांनी माती उकरायला लागली. कोपरापर्यंत हात घालून शेवटी तिने मला बोलावलं. दगडांनी बांधलेला एक खड्डा होता, वीतभर रुंद. "तिवड्याचा," ती म्हणाली.

ते खळं होतं. तिवडा म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब, बैल त्याच्याभोवती फिरतात. भात खालीच झोडायचे, पण नागली आणि वरईची मळणी टेकडीवर व्हायची, कारण उफणायला वारा लागतो आणि वारा वरच असतो. माझ्या पणजोबांनी वाऱ्यासाठी ही उंच जागा धरली, म्हणूनच ती पाण्यातून वाचली. इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी "काय?" म्हणालो असेन.

तंबू खळ्याच्या कडेला लावला, मध्ये नाही. तीन दगड मांडून आईने चूल पेटवली. मासे साफ करताना म्हणाली, हे चिलापी तिच्या लहानपणी नव्हते. तेव्हा पहिल्या पावसात वलगणीचे मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून खाचरात चढायचे आणि पोरं फडकी घेऊन बांधावर बसायची. हळद, मीठ, लसूण, लाल तिखट, एवढ्यावर रस्सा झाला. घरून आणलेल्या नागलीच्या भाकरी होत्या. मी तीन खाल्ल्या. पाणकावळ्यांची एक रांग पाण्याला चिकटून पश्चिमेकडे गेली आणि अंधार पडला.

अंधार पडला तशी माझ्या कानातली शिट्टी वाढली. मी ज्यासाठी आलो होतो ते मिळालं होतं. मोटार नाही, पंखा नाही, कुठे लग्नाचा बेंजो नाही. आणि त्या मोकळ्या जागेत शिट्टी पसरून बसली. घरी ती इतर आवाजांत बुडालेली असते. इथे तिला बुडवायला काही नव्हतं. डॉक्टरांनी याची कल्पना दिली होती, अगदी निजानीज झाल्यावर जास्त जाणवेल म्हणून. पण ऐकलेलं आणि सोसलेलं यात फरक असतो. मला रडू येईल असं वाटलं. एवढं लांब येऊन, आईला पाण्यावरून आणून, मी माझ्याच कानात अडकून बसलो होतो.

आई चुलीतली लाकडं मागे ओढत बोलत होती. ती दहा वर्षांची असताना बापाबरोबर या खळ्यावर राखणीला यायची. रात्री रानडुकरं यायची, मग रॉकेलचा रिकामा डबा काठीने वाजवायचा. बाकी वेळ बोलायचं ते हळू. खळ्यावर मोठ्याने बोलायचं नाही, चपला घालायच्या नाहीत, रास मोजताना तर मोजणाऱ्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. धान्य बिचकतं, असं आजोबा म्हणायचे. ती रॉकेलचा डबा कसा पकडायचा हे दाखवत होती, डब्याला दोरी बांधलेली असायची म्हणत होती, दोरी कशाची तर अंबाडीची.

अंबाडीची दोरी ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं. बराच वेळ झाला होता आणि मी एकदाही "काय?" म्हणालो नव्हतो.

आई हळू बोलत होती. मुद्दाम माझ्यासाठी नव्हे, खळ्यावर बसलो होतो म्हणून. घरी बोलते त्याच्या निम्म्या आवाजात आणि मला शब्दन् शब्द येत होता. स येत होता, त येत होता. मध्ये काही नव्हतंच. पंख्याची घरघर नव्हती, रस्ता नव्हता, आईचा आवाज आणि माझा कान यांच्यामध्ये फक्त हवा होती. शिट्टी होती, पण आई बोलायला लागली की ती मागे सरकत होती. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर ती जपून, मोठ्याने बोलायला लागली असती.

त्या रात्री तिने मला घर सोडलं त्या दिवसाचं सांगितलं. सामान बैलगाडीतून वर नेलं होतं. कवाडं, वासे, कौलं, काढण्यासारखं सगळं काढलं होतं. राहिल्या होत्या भिंती आणि भुई. निघायच्या दिवशी पहाटे आईला जाग आली तर आजी शेणाचा सडा कालवत होती. पोरी म्हणाल्या, आता कशाला? पाणी चढतंय. आजी काही बोलली नाही. तिने चारही खण सारवले, मागच्या दाराकडून सुरुवात करून पुढच्या दारापर्यंत, हाताची बोटं नीट उमटवत. उंबऱ्यावर दिवा ठेवला आणि बाहेर आली. "भुई ओली व्हती," आई म्हणाली, "म्हनून आमी कुनी आत गेलो न्हाई. पाय उमटले असते."

मी सेहेचाळीस वर्षांचा आहे आणि हे पहिल्यांदा ऐकलं. टीव्ही चालू असताना हे कुणी ओरडून सांगू शकत नाही.

मग आम्ही गप्प बसलो. थोड्या वेळाने मी म्हणालो, "किती शांत आहे ना?"

आई म्हणाली, "कसलं शांत? रातकिडे बघ किती वरडत्यात."

मला एकही रातकिडा ऐकू येत नव्हता. मी श्वास धरून बसलो, मान फिरवून बघितली, काही नाही. रातकिड्यांचा आवाज त्याच खड्ड्यात पडतो जिथे माझा आलेख उतरला आहे. ज्याला मी शांतता म्हणत होतो ते आईच्या कानांना भरलेलं रान होतं. मी तिला तसं सांगितलं. तिने खूप वेळ माझ्याकडे बघितलं. मग मी विचारलं, "कसा आवाज आहे, सांग ना." तिने ओठ मिटून तोंडातल्या तोंडात एक बारीक सूर काढला, एकसारखा, न तोडता. तो माझ्या कानातल्या शिट्टीसारखाच होता. मी म्हणालो, "असाच माझ्या कानात वाजतो, दिवसरात्र." ती जवळ सरकली आणि माझ्या कानावर तिचा हात ठेवला, लहानपणी कान दुखायचा तेव्हा गरम फडकं ठेवायची तसा. चुलीजवळ बसल्यामुळे हात ऊबदार होता. तशीच बसून राहिली. शिट्टी थांबली नाही. पण त्यानंतर ती वाजली तरी माझ्या डोळ्यांपुढे ते रान येत होतं आणि छातीतली धडधड कमी झाली.

बाकीचे आवाज मला आले ते जाड आवाज. लांबवर कोल्हेकुई. काठावर उठलेली टिटवी. खडकाला लागणारं पाणी, चपक, चपक. त्या पाण्याच्या आवाजावरच मला झोप लागली.

पहाटे तीनला आईने उठवलं. थंडी कडक होती, तंबू दवाने ओला झाला होता. ती गोधडी पांघरून खळ्यावर उभी होती. "तिकांडं बघ." मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे डोक्यावरून जरासे ढळले होते. ईशान्येला सप्तर्षी वर येत होते, त्याला ती बाजलं म्हणते. म्हातारीचं बाजलं आणि मागे लागलेले तीन चोर. आजोबा तिकांड्यावरून वेळ ओळखायचे आणि राखणीची पाळी बदलायचे. आईने मला म्हटलं, "आता तू झोप, मी जागते." राखण करायला आता तिथे काही नव्हतं. तरी ती उजाडेपर्यंत बसली आणि मी झोपलो.

या लेखासाठी फोटो काढलेच नाहीत, म्हणून इथे लावलेले नाहीत. कुणाला असं कुठे जायचं असेल तर एवढंच सांगतो की पाण्यावर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका, जमीन कुणाची आहे ते विचारून जा आणि नेलेली प्रत्येक पिशवी परत आणा. ते पाणी खाली कुणीतरी पिणार आहे. आणि कानांचं म्हणाल तर परत आल्यावर मी श्रवणयंत्रासाठी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. दोन वर्षं टाळत होतो. आता मापं घेऊन झालीयत. घरी संध्याकाळी तासभर टीव्ही आणि पंखा दोन्ही बंद ठेवतो, मुलीनेच तसं ठरवलंय. रिक्षांचा थांबा काही बंद होत नाही.

सकाळी चहा झाल्यावर आईने ताडपत्री सोडली. मामांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "आक्का, तुझी वाटणी मोजून घी, मी मोजनार न्हाई." पोत्यात धान्य मोजायची आजोबांची लोखंडी अधोली होती, कडा झिजलेली. वारा सुटला होता. आईने खळ्याच्या मधोमध चादर पसरली, चपला लांब ठेवल्या, सुपाने नागली उफणली. भूस पाण्याच्या दिशेने उडून गेलं आणि तांबूस दाण्यांची छोटी रास झाली. तिने राशीला हात लावून नमस्कार केला आणि मला म्हणाली, "आता बोलू नगंस."

मी दहा-बारा फुटांवर पाठ करून बसलो, पाण्याकडे तोंड करून. मुद्दामच. तिचे ओठ दिसू नयेत म्हणून.

दाणे अधोलीत पडल्याचा आवाज आला. रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत.

"लाभ," आई म्हणाली.

मग दोन. मग तीन. सातापर्यंत ऐकलं. आठव्याच्या वेळी मामांची होडी खडकाला लागली.